समानार्थी म्हणींची सोय : जुन्या इंग्रजी म्हणी कशा वाचाव्यात?

इंग्रजी म्हणींशी मराठी विद्यार्थ्याचा परिचय बहुधा दोन रकान्यांच्या तक्त्यातून होतो. डावीकडे इंग्रजी म्हण आणि उजवीकडे तिची 'समानार्थी' मराठी म्हण. 'कापडाच्या बेताने कोट बेतावा' हिच्यासमोर 'अंथरूण पाहून पाय पसरावे'. 'ऊन आहे तोवर गवत वाळवून घ्यावे' हिच्यासमोर 'वाहत्या गंगेत हात धुवून घ्यावेत'. 'लोखंड तापले असतानाच घाव घालावा' हिच्यासमोर 'तापल्या तव्यावर पोळी भाजून घ्यावी'. शालेय मार्गदर्शिकांपासून स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांपर्यंत हा तक्ता थोड्याफार फरकाने तोच आढळतो. पदव्युत्तर वर्गात भाषांतरविद्या शिकायला येणारा विद्यार्थीही तो मनात घेऊनच येतो. म्हण म्हणजे कालातीत शहाणपण, ते सर्व भाषांत सारखेच असते, बदलतो तो केवळ पेहराव, असे या तक्त्याचे अध्याहृत गृहीतक आहे.

आमचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. म्हण हे कुणीतरी, कुणालातरी, एका विशिष्ट प्रसंगी दिलेले उत्तर असते, आणि त्या उत्तरामागे एक हवामान, एक उत्पादनव्यवस्था आणि एक सामाजिक उतरंड उभी असते. या गोष्टी काढून घेतल्या की हाती उरतो तो गुळगुळीत सुविचार. जुन्या इंग्रजी म्हणींत दैनंदिन जीवनाचे व्यवहारज्ञान आहे हे आम्हांस मान्यच आहे. परंतु ते व्यवहारज्ञान आहे म्हणूनच ते कुठल्या व्यवहाराचे, हा प्रश्न टाळता येत नाही. समानार्थी म्हणीची सोय हा प्रश्न विचारूच देत नाही. परिणामी इंग्रजी म्हण समजत नाही ती नाहीच, आपली मराठी म्हणही धड कळेनाशी होते.

प्रथम गवताची म्हण घेऊ. इंग्लंडमध्ये हिवाळ्याचे कित्येक महिने गुरांना कुरणात पुरेसा चारा मिळत नाही. उन्हाळ्यात कापून वाळवलेल्या गवतावर त्यांना जगवावे लागते. परंतु तिथला उन्हाळा बेभरवशाचा. गवत कापल्यावर ते पसरून, उलटेपालटे करून नीट वाळायला सलग काही कोरडे दिवस लागतात. मध्येच पाऊस आला तर ते कुजते. अर्धवट ओले असताना गंजीत रचले तर आतल्या आत तापते आणि प्रसंगी पेटही घेते. तेव्हा ऊन पडले की घरातील सर्व माणसांनी हातातील इतर कामे टाकून शिवारात धाव घ्यायची, हा त्या म्हणीचा मूळ प्रसंग. १५४६ साली प्रसिद्ध झालेल्या जॉन हेवूडच्या संग्रहात ही म्हण आहे, म्हणजे त्याआधीपासून ती लोकांच्या तोंडी असणार. तिच्यात घाई आहे, पण ती घामाची घाई आहे. संधी आहे, पण ती संधी राबण्याची आहे.

आता तक्त्यातील तिची जोडीदारीण पाहा. वाहत्या गंगेत हात धुऊन घेणाऱ्याला काय श्रम पडतात? गंगा दुसऱ्या कुणासाठी किंवा कुणासाठीच नव्हे अशी वाहत असते. आपण काठावर होतो, एवढेच आपले कर्तृत्व. मराठीत हा वाक्प्रचार आपण कौतुकाने क्वचितच वापरतो. सरकारी योजनेत इतरांनी लाभ लाटला, मग यांनीही वाहत्या गंगेत हात धुऊन घेतले, असे आपण म्हणतो. त्यात किंचित तिरकस हसू असते, एक नैतिक शेरा असतो. इंग्रजी म्हण शेतकरी बापाने मुलाला बिनदिक्कत सांगावी अशी. मराठी वाक्प्रचार शेजाऱ्याने शेजाऱ्याविषयी पाठीमागे बोलावा असा. या दोहोंना समानार्थी म्हणणे म्हणजे कष्ट आणि संधिसाधूपणा यांतील अंतर पुसून टाकणे होय.

मग त्या म्हणीला आपल्याकडे जवळचे काय? आमच्या मते ते म्हणींत शोधण्यापेक्षा अनुभवात शोधावे. महाराष्ट्राच्या पठारावरील शेतकऱ्याला उन्हाची टंचाई नसते. त्याला वाट पाहावी लागते ती वाफशाची. पाऊस पडून गेल्यावर जमीन फार ओलीही नाही आणि फार कोरडीही नाही अशी जी अवस्था येते, ती निघून जाण्यापूर्वी पेरणी उरकावी लागते. तिफण, बैल, बियाणे, माणसे सारे त्या दोन-चार दिवसांवर लागलेले असते. गवत वाळवणाऱ्या इंग्रज कुळाची तगमग ज्याला समजून घ्यायची आहे, त्याने गंगेकडे न जाता वाफशाकडे जावे. मात्र हेही ध्यानी घ्यावे, की तिथे आभाळ उघडण्याची वाट पाहिली जाते आणि इथे आधी ते भरून येण्याची. एकाच घाईच्या या दोन उलट बाजू आहेत.

तापलेल्या लोखंडाची गोष्ट याहून बोधक आहे. लोहाराच्या कामात ही म्हण शब्दशः खरी आहे. भट्टीतून काढलेले लोखंड काही क्षणच मऊ असते. तेवढ्यात त्याला आकार द्यायचा, नाहीतर पुन्हा भट्टी, पुन्हा कोळसा, पुन्हा भाता. मराठीतील तव्यावरची पोळी पुन्हा त्याच संधिसाधू सुरात बोलते. तवा दुसऱ्याने तापवलेला आणि पोळी मात्र स्वतःची. परंतु इंग्रजी म्हणीचा सूर तरी सदैव निर्मळ होता काय? चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने 'कँटरबरी टेल्स'मध्ये घातलेल्या मेलिबीच्या गद्यकथेत ही म्हण येते. मेलिबीच्या घरात शिरून शत्रूंनी त्याच्या पत्नीला व मुलीला मारहाण केलेली आहे. त्याने सल्ल्यासाठी लोकांना एकत्र केले आहे. तेथे तरुण मंडळी एकदम उठतात आणि लोखंड तापले असतानाच घाव घालावा, तसा अपमान ताजा असतानाच त्याचा सूड घ्यावा, असे म्हणत युद्धाचा एकच गलका करतात. त्यानंतर एक वृद्ध उठून युद्धाचा आरंभ सोपा असतो पण शेवट कुणाच्या हाती नसतो, अशा आशयाचे सांगू पाहतो, तर त्याला बोलूही दिले जात नाही. पुढची सारी कथा म्हणजे मेलिबीच्या पत्नीने, प्रुडन्सने, त्याला सूडापासून परावृत्त करण्याची कथा आहे.

म्हणजे ज्या म्हणीला आपण उद्योगशीलतेचा धडा म्हणून शिकवतो, ती इंग्रजी वाङ्मयातील तिच्या एका जुन्या आणि ठळक प्रकटीकरणात सूडबुद्धीच्या तोंडी आहे, आणि कथेचा कल तिच्या विरोधात आहे. लोहाराच्या भात्यापाशी जे ज्ञान होते, तेच सभेत चिथावणी झाले. शब्द तेच राहिले. बोलणारा बदलला, ऐकणारा बदलला, तापलेली वस्तू बदलली. म्हणीचा अर्थ शब्दकोशात नसून तिच्या उच्चाराच्या प्रसंगात असतो, याचा याहून चांगला दाखला शोधूनही सापडणार नाही. (मेलिबीची कथा चॉसरने फ्रेंचवरून घेतली आणि फ्रेंच लेखकाने ती लॅटिनवरून घेतली, हे येथे नोंदवून ठेवू. त्या मुद्द्याकडे पुढे यावयाचे आहे.)

आता कोट आणि अंथरूण. ही जोडी तक्त्यातील सर्वांत निर्दोष मानली जाते, कारण दोन्ही म्हणी ऐपतीबाहेर खर्च करू नका असेच सांगतात. तरीही थोडे थांबून पाहावे. कापड एकदा कापले की ते पुन्हा अखंड होत नाही. पसरलेले पाय मात्र गार वारा लागताच आखडून घेता येतात. पहिल्या म्हणीत चूक अपरिवर्तनीय आहे, दुसरीत ती केवळ गैरसोयीची. शिवाय इंग्लंडमध्ये लोकरीचे कापड हा त्या काळी देशाचा मुख्य निर्यातमाल होता, आणि कुणी कोणत्या प्रतीचे कापड ल्यावे हे ठरवणारे कायदे होते. आठव्या हेन्रीच्या काळात १५३३ साली झालेल्या कायद्याने दर्जानुसार वस्त्रे, रंग आणि फर यांच्या मर्यादा घालून दिल्या होत्या. असे पोशाखाचे कायदे पुढे १६०४ साली रद्द झाले. अशा समाजात आपल्या कापडाच्या बेताने कोट बेतावा, असे कुणी म्हटले की त्यात काटकसरीच्या उपदेशाबरोबर आपली पायरी ओळखावी हा इशाराही ऐकू येत असला पाहिजे.

आणखी एक गंमत. पांघरुणाच्या लांबीएवढेच पाय पसरण्याची म्हण इंग्रजीतही आहे. कवी जॉर्ज हर्बर्ट याच्या मृत्यूनंतर १६४० साली त्याच्या नावावर प्रसिद्ध झालेल्या परदेशी म्हणींच्या संग्रहात ती समाविष्ट आहे. फारसीत ती गालिच्यानुसार पाय पसरण्याच्या रूपात नांदते. म्हणजे आपल्या अंथरुणाला इंग्रजीत खरीखुरी जुळी बहीण होती. पण इंग्रजांनी तिला बाहेरगावची म्हणून नोंदवले, आणि आपण तक्त्यात मात्र तिला सोडून कोटाशी सोयरीक जमवली.

येथवर आम्ही एकेका म्हणीविषयी बोललो. परंतु म्हणींचे खरे स्वरूप त्या घोळक्याने येतात तेव्हा कळते. हेवूडच्या ज्या संग्रहाचा वर उल्लेख केला, तो इंग्रजी म्हणींच्या पहिल्या मोठ्या संग्रहांपैकी एक होय. पण तो यादीच्या रूपात नाही. ते एक पद्य संवादकाव्य आहे, आणि विषय आहे लग्नाचा. एका तरुणापुढे दोन स्थळे आहेत : एक तरुण, देखणी पण निर्धन मुलगी आणि दुसरी वयस्क पण श्रीमंत विधवा. कुणाशी लग्न करावे, हा सल्ला तो निवेदकाला विचारतो. मग दोन्ही बाजूंनी म्हणींचा पाऊस सुरू होतो. घाई करावी यासाठी म्हण आहे, घाई करू नये यासाठीही आहे. निवेदक शेजारपाजारच्या दोन जोडप्यांच्या कहाण्या सांगतो. एकाने प्रेमासाठी लग्न केले, दुसऱ्याने पैशासाठी. दोन्ही संसारांची वाताहत होते. त्या संसारांत घडणाऱ्या प्रत्येक चुकीच्या पावलाला पाठिंबा देणारी एकेक म्हण उपलब्ध असते.

म्हणी परस्परविरोधी असतात हा आक्षेप नवा नाही. 'अनेक हातांनी काम हलके होते' आणि 'फार आचारी जमले की रस्सा बिघडतो' यांतले खरे कोणते, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात, आणि तो विचारलाच पाहिजे. उत्तर कामाच्या स्वरूपात आहे. गवत उलटायला वीस हात असले तर काम एका दिवसात उरकते. रश्शात मीठ घालायला मात्र एकच हात पुरे, दुसऱ्याने घातले की तो खारट. म्हणी निसर्गनियम नव्हेत, त्या सुताराच्या पेटीतील हत्यारे आहेत. करवत आणि हातोडा परस्परविरोधी आहेत अशी तक्रार कुणी करत नाही. केव्हा काय उचलायचे, हे ज्ञान मात्र पेटीत नसते. मराठीतही 'पाचामुखी परमेश्वर' म्हणणारा समाज 'बारभाई कारभार' असे नाक मुरडून म्हणतोच. हेवूडने १५४६ सालीच हे हेरले होते. म्हणींचा संग्रह करतानाच त्याने त्यांच्या अपुरेपणाचे नाटक रचून ठेवले. दुर्दैवाने पुढील पिढ्यांनी त्यातून म्हणी तेवढ्या उचलल्या आणि नाटक मागे टाकले.

याच संग्रहातील एक म्हण आम्हांस विशेष अस्वस्थ करते. आज ती 'भिकाऱ्याला निवड करता येत नाही' या रूपात रूढ आहे. हेवूडच्या वेळचे तिचे रूप मात्र 'भिकाऱ्याने निवड करू नये' या अर्थाचे होते. 'करू नये' पासून 'करता येत नाही' पर्यंतचा हा प्रवास एका क्रियापदाचा दिसतो, पण त्यात केवढी मोठी मजल मारली गेली आहे! 'करू नये' ही देणाऱ्याने घेणाऱ्याला दिलेली आज्ञा आहे. तिच्यात आज्ञा करणाऱ्याचा चेहरा दिसतो, आणि आज्ञा आहे म्हणजे ती मोडणाराही कुणी असला पाहिजे. 'करता येत नाही' म्हटले की आज्ञा करणारा अदृश्य होतो आणि दारिद्र्य हा पावसासारखा एक नैसर्गिक प्रकार ठरतो.

त्या काळाचे कायदे या म्हणीशेजारी ठेवून पाहावेत. १५३१ च्या कायद्याने अपंग व वृद्धांना भीक मागण्याचा परवाना दिला आणि धडधाकट भिकाऱ्यांना चाबकाचे फटके ठरवले. हेवूडचा संग्रह १५४६ चा. त्याच्या पुढच्याच वर्षी, १५४७ साली, जो कायदा झाला त्याने कामधंद्याविना फिरणाऱ्या माणसाच्या अंगावर डाग देऊन त्याला दोन वर्षे गुलाम म्हणून कुणाच्या तरी हवाली करण्याची तरतूद केली. अंमलबजावणी अवघड झाल्याने तो कायदा अल्पावधीत मागे घेतला गेला. ज्या समाजात भिकाऱ्याची निवड अशी चाबकाने आणि तप्त लोखंडाने केली जात होती, त्या समाजातील ही म्हण 'व्यवहारज्ञान' या सौम्य मथळ्याखाली वर्गात शिकवताना, हा व्यवहार कुणाच्या सोयीचा होता, एवढा प्रश्न तरी विचारला गेला पाहिजे. बायकोला, कुत्र्याला आणि अक्रोडाच्या झाडाला एकाच काठीने बदडण्याची शिफारस करणारी इंग्रजी म्हणही याच परंपरेतील आहे. ती आपण तक्त्यातून वगळतो, आणि आपल्याकडील तशा म्हणीही वगळतो. वगळण्याने म्हण निर्मळ होत नाही. परंपरा तेवढी खोटी होते. असल्या म्हणी शिकवायच्या त्या पाळण्यासाठी नव्हे, ओळखण्यासाठी.

म्हणींकडे पाहण्याची दुसरी एक दृष्टी इंग्रजी परंपरेतच आहे, आणि ती आम्हांस अधिक अनुकरणीय वाटते. १६७० साली केंब्रिजहून इंग्रजी म्हणींचा एक संग्रह निघाला. त्याचा कर्ता जॉन रे हा साहित्यिक नव्हता. तो त्या काळचा अग्रगण्य वनस्पतिशास्त्रज्ञ. एसेक्समधील एका लोहाराचा मुलगा, केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचा फेलो. १६६२ साली धार्मिक कायद्याने मागितलेली शपथ घेण्याचे नाकारल्यामुळे त्याला ते पद सोडावे लागले. त्याआधी १६६० साली त्याने केंब्रिज परिसरातील वनस्पतींची सूची प्रसिद्ध केली होती. वनस्पती गोळा करत हिंडणाऱ्या या माणसाने म्हणीही त्याच वृत्तीने गोळा केल्या : आरोग्य व आहाराच्या निराळ्या, शेती व हवामानाच्या निराळ्या, काही परगण्यापरगण्यांनुसार, आणि गरज वाटली तेथे खाली टीप. वनस्पती कुठल्या मातीत उगवते हे नोंदवल्याशिवाय तिची नोंद पुरी होत नाही, हे त्याला ठाऊक होते. म्हणींचेही तसेच आहे.

माती सुटली की म्हणीचे काय होते, याचे एक नमुनेदार उदाहरण आहे. अर्ध्या पेनीच्या डांबरासाठी जहाज बिघडवू नये, अशी एक म्हण आज इंग्रजीत आहे. गळती थांबवायला डांबर लागते म्हणून जहाज, हे ऐकायला चपखल वाटते. परंतु मूळ म्हणीत जहाज नव्हतेच, मेंढरू होते. मेंढरांच्या जखमांवर माश्या बसून किडे पडू नयेत म्हणून मेंढपाळ डांबर लावत. त्या अर्ध्या पेनीच्या डांबराची कंजुषी केली तर जनावर हातचे जाई. इंग्लंडच्या काही बोलींत मेंढरू आणि जहाज यांचे उच्चार एकसारखे होतात. ऐकणाऱ्यांनी जहाज ऐकले, आणि समुद्रावर सत्ता गाजवणाऱ्या राष्ट्राला ते पटलेही. मेंढपाळाची म्हण खलाशाची झाली. आपल्या माणदेशातील एखाद्या धनगराला यातील मूळ रूप कुणी समजावून सांगावे लागणार नाही; जहाज मात्र सांगावे लागेल. आणि तक्त्यात या म्हणीसमोर काय लिहिणार? 'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला' ही तर विरुद्ध दिशेची म्हण. तिथे मसाल्यावर खर्च केल्याबद्दल हसू आहे, इथे डांबरावर खर्च न केल्याबद्दल हळहळ.

हवामानाच्या म्हणींत तर भूगोल शब्दशः सत्य ठरवतो. संध्याकाळचे आभाळ तांबडे तर मेंढपाळाला आनंद, सकाळचे तांबडे तर त्याला इशारा, ही म्हण इंग्लंडमध्ये बऱ्याच अंशी खरी ठरते. या आशयाचे वचन मत्तयाच्या शुभवर्तमानातही आहे. कारण असे, की त्या अक्षांशांवर हवामान प्रायः पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकते. मावळत्या सूर्याचे किरण लाल होऊन आपल्यापर्यंत पोहोचले, म्हणजे पश्चिमेकडचे आभाळ मोकळे आहे, आणि तेच उद्या आपल्या डोक्यावर येणार. आपल्याकडे पावसाळ्यात बंगालच्या उपसागरावर तयार होणारी कमी दाबाची क्षेत्रे पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतात. तेव्हा सोलापूरच्या शेतकऱ्याने इंग्रज मेंढपाळाच्या भरवशावर संध्याकाळच्या लालीकडे पाहून मळणीचा बेत करू नये हे बरे. त्याच्यासाठी नक्षत्रांच्या म्हणी आहेत. 'पडतील स्वाती तर पिकतील मोती' ही रब्बीच्या ओलीचे गणित सांगणारी म्हण इंग्लंडमध्ये तितकीच निरर्थक ठरेल. व्यवहारज्ञान जितके नेमके, तितके ते स्थानिक.

याच ओघात टॉमस टसरचे स्मरण करणे योग्य होईल. सफोकमध्ये शेती करणाऱ्या या माणसाने १५५७ साली शेतीविषयक शंभर सूचनांचे पद्य पुस्तक काढले. १५७३ पर्यंत ते वाढून पाचशे सूचनांचे झाले. महिन्यामहिन्यांनी काय पेरावे, काय साठवावे, चाकरांना कसे वागवावे, घर कसे चालवावे, सारे यमकांत. कित्येक म्हणींचे रूढ रूप त्याच्या या पुस्तकाशी जोडले जाते, आणि काटकसर हा त्याच्या उपदेशाचा कणा. हा टसर १५८० साली लंडनमध्ये वारला, तो कर्ज न फेडल्याबद्दल तुरुंगात असताना. यावरून त्याची थट्टा करण्याचा मोह होतो, आणि पुढच्या काळात ती झालीही. आम्हांस त्यात थट्टेपेक्षा वेगळे काही दिसते. काटकसरीच्या सर्व म्हणी पाठ असलेला, त्या रचणाराच म्हणा ना, असा माणूसही कर्जात बुडू शकतो. कारण भाडे, बाजारभाव, आजारपण आणि पाऊस म्हणी ऐकत नाहीत. म्हण पाळली नाही म्हणून माणूस गरीब राहिला, हा निष्कर्ष काढण्याची घाई ज्यांना होते, त्यांनी टसरचा शेवट लक्षात ठेवावा. कर्जाखाली पिचलेल्या शेतकऱ्याला अंथरूण पाहून पाय पसरण्याचा सल्ला आपल्याकडेही आजवर कमी वेळा दिला गेलेला नाही. अंथरूण मुळात एवढेसे का, हा प्रश्न त्या म्हणीच्या कक्षेत येत नाही. तो आपल्यालाच विचारावा लागतो.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. इतका काटेकोरपणा केला तर भाषांतरच अशक्य होईल, आणि नवी भाषा शिकणाऱ्या मुलाला काहीतरी आधार तर हवाच. आक्षेपात तथ्य आहे. म्हणी भाषांच्या सीमा ओलांडतात. किंबहुना ज्यांना आपण अस्सल इंग्रजी म्हणतो त्यांतील कितीतरी इरॅस्मसने १५०० सालापासून संपादित केलेल्या लॅटिन-ग्रीक संग्रहांतून आल्या. मेलिबीच्या कथेचा लॅटिन-फ्रेंच-इंग्रजी प्रवास वर आलाच आहे. फावड्याला फावडे म्हणण्याचा प्रसिद्ध इंग्रजी वाक्प्रचार तर एका भाषांतराच्या घसरणीतून जन्मला. ग्रीकमध्ये ती वस्तू लाकडी द्रोणासारखे भांडे होती. इरॅस्मसच्या लॅटिनमध्ये ती खणण्याचे अवजार झाली, आणि १५४२ साली निकोलस यूडलने त्याचे इंग्रजीत फावडे केले. रोखठोक बोलण्याचे कौतुक करणारा वाक्प्रचारच मूळ वस्तूला चुकीच्या नावाने हाक मारतो, हा विनोद इंग्रजीने आनंदाने पचवला. तेव्हा आमचा विरोध भाषांतराला नाही. भाषांतराने म्हण नव्या मातीत रुजते. तक्ता मात्र ती रुजण्याआधीच तिच्यावर आपली जुनी पाटी ठोकून देतो.

इंग्रजी-मराठी व्यवहारात याला एक इतिहासही आहे. मोल्सवर्थच्या १८३१ च्या आणि पुढे १८५७ च्या कोशात मराठी म्हणी इंग्रजी स्पष्टीकरणासह आल्या. १८९९ साली ए. मॅनवेअरिंग या मिशनऱ्याने जमवलेल्या मराठी म्हणी इंग्रजी भाषांतरासह ऑक्सफर्डहून ग्रंथरूपात प्रसिद्ध झाल्या. परक्याला आपली म्हण उलगडून सांगावी लागते, आणि त्या उलगडण्यात शेत, घर, जात, नाते, नाणे सारे बाहेर येते. कोशकारांचे व संग्राहकांचे निष्कर्ष आपल्याला मान्य असोत वा नसोत, उलगडून सांगण्याची ती गरज त्यांना टाळता आली नाही. आपण मात्र इंग्रजी म्हण आपल्या मुलांना न उलगडता देतो. समानार्थी म्हण सापडली की स्पष्टीकरणाची जबाबदारी संपली, असे समजतो.

म्हणून वर्गापुरती आमची सूचना साधी आहे. समानार्थी म्हण लिहा, या प्रश्नाऐवजी 'जवळची म्हण सांगा आणि दोहोंतील फरक स्पष्ट करा' असा प्रश्न विचारावा. फरक सांगताना विद्यार्थ्याने तीन गोष्टी शोधाव्यात : ही म्हण कुणी कुणाला म्हटली असेल, कोणत्या कामाच्या वा अडचणीच्या वेळी म्हटली असेल, आणि तिच्या उलट म्हण त्याच भाषेत कोणती आहे. कल्पनाविस्ताराच्या निबंधात 'थोरामोठ्यांनी म्हटलेच आहे' या वाक्यापासून आरंभ करण्याऐवजी, कोणत्या थोरामोठ्यांनी आणि कुणाला धाकटे ठरवून म्हटले आहे, येथून आरंभ करता येईल. याला जादा तासिका लागत नाहीत. गवत वाळायला किती दिवस लागतात आणि वाफसा किती दिवस टिकतो, एवढे सांगणारी मुले आपल्या वर्गात बसलेली असतात. विशेषतः ग्रामीण महाविद्यालयांत शेतकरी कुटुंबांतून आलेल्या विद्यार्थ्याला हे ज्ञान इंग्रजीच्या अध्यापकापेक्षा अधिक असते. इंग्रजी म्हणीच्या तासाला तो प्रथमच माहीतगार ठरेल. तक्ता त्याच्याकडून केवळ पाठांतर मागतो, आणि त्यात तो शहरी मुलापेक्षा मागे पडतो.

साहित्याच्या अभ्यासात एका शब्दाचे वजन पाहण्याची सवय लावणे हे आपले काम आहे. कवितेबाबत आपण ते निष्ठेने करतो. म्हणीला मात्र, ती सर्वांच्या तोंडी आहे म्हणून, वाचण्याजोगा पाठ मानत नाही. 'करू नये' आणि 'करता येत नाही' यांतील अंतर ज्याला दिसले, त्याला वर्तमानपत्रातील अग्रलेखातले आणि अर्थसंकल्पावरच्या भाषणातले 'करता येत नाही'ही दिसू लागेल. जुन्या इंग्रजी म्हणींपासून मराठी विद्यार्थ्याने घ्यावे असे व्यवहारज्ञान आमच्या मते मुख्यत्वे हेच आहे. उरलेले, म्हणजे गवत वेळेवर वाळवण्याचे आणि मेंढराच्या जखमेला डांबर लावण्याचे ज्ञान, ज्यांचे होते त्यांच्याकडे आदराने पाहून समजून घ्यावे, आणि आपल्या वाफशाची, आपल्या स्वातीची नोंद तितक्याच आदराने शेजारी करावी. दोन रकान्यांच्या मधली ती रेघ समानतेची खूण म्हणून काढलेली असते. तिथे थोडी जागा मोकळी सोडली, तर तीत लिहिण्यासारखे पुष्कळ आहे.